फायनलचा निरोप

वाटूर, मार्गशीर्ष महिना, सन १९४६

रायभान यांस,

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात, लिहू तर बिलकुलच नये. मी वर लिहिलंय. त्यावरनं काय समजायचं ते समजा. अक्षर माझ्याच हातचं हाय. मला लिहिता कधीपासून यायला लागलं, असं तुमाला वाटंल. तुमी गेल्यावर बरंच काही झालं. तुमी इचारलं असतं तर कळलं असतं.

दसऱ्याच्या आधी तुमच्या पलटणीतला भुजंग आमच्या दारात आला, हसनाबादचा. हसत हसत आला. पाय धुवायला पाणी दिलं तर म्हणतो, "वहिनी, रायभान कुठं हाय? म्हणावं तुझा गोलकीपर आलाय." मी म्हणले, "कोणता रायभान?" त्याला वाटलं मी थट्टा करून राह्यले. मंग त्याचं ध्यान माझ्या कडेवरच्या पोरीकडं गेलं, अन् तिकडं मच्छिंद्र मेंढ्यायला पाला टाकत होता त्याच्याकडं गेलं. तो वट्यावर मटकन बसला. वर्षभर बिचारा पुण्याच्या लष्करी दवाखान्यात छातीच्या दुखण्यानं पडून होता. त्याला वाटलं, तुमी कवाच घरी पोचले असाल.

आमाला तर सरकारचा कागद आल्ता, लढाईच्या मधातच. उर्दूत होता. पटवाऱ्यानं वाचला, म्हणाला "लापता." पुढं काही न्हाई. एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसरं सरत आलं. गावानं तुमाला मेलेलं धरलं, माझ्या बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं. मंग पंचच पुढं झाले अन् माझा पाट मच्छिंद्रशी लावून दिला. सख्खा धाकटा दीर, घरातलं घरात. मला कुणी इचारलं न्हाई, त्यालाबी कुणी इचारलं न्हाई. आता आमाला एक पोरगी हाय. तुमच्या आईचं नाव ठेवलंय, सगुणा.

भुजंगाला चावडीवर नेलं. सगळं गाव जमलं, अन् त्यानं तुमची फुटबालची फायनल सांगितली. इटली देशातली कैद, काटेरी तार, चार देशांच्या कैद्यांच्या चार टीमा, अन् शेवटच्या कुस्तीला हिंदुस्थान अन् स्काटलंड. पंचांतले थोरले बिरूतात्या म्हणाले, "दोघंबी इंग्रजाचे शिपाई, दोघंबी कैदी, मंग भांडून कशाला राह्यले?" भुजंग म्हणाला, "तात्या, कैदेत दुसरं असतं काय?" मी मनात म्हणले, आपण निजामाची रयत, अन् हा गडी हिंदुस्थानासाठी हाडं मोडून घेऊन राह्यला.

भुजंगानं काडीनं मातीत मैदान काढलं. तुमी सगळे अनवाणी, गोरे बुटात. आधी त्यायचा गोल झाला, तो भुजंगाच्या दोन पायाच्या मधून गेला, हे त्यानं सोताच सांगितलं. मंग तुमच्या एका पंजाब्यानं बरोबरी केली. बंदुका घेतलेले पहारेवालेबी तारेला लोंबकळून बघून राह्यले होते म्हणे. अन् शेवटाला तुमच्या पायावर बुटाची टाच पडली, अंगठ्याचं नख उपटलं, तरी त्याच पायानं तुमी चेंडू असा हाणला का जाळ्याला भोक पडलं. दोन-एक. चावडीवर म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. बिरूतात्यानं इचारलं, "मंग गदा कुणाला भेटली?"

भुजंग म्हणाला, गदा न्हाई. इनाम दुसरंच होतं. तिथल्या मोठ्या पाद्र्यांचा रेडिओ होता, तो कैद्यांची नावं साऱ्या दुनियेला ऐकवायचा. जितलेल्या टीमच्या हरेक गड्याला घरी निरोप धाडायची परवानगी होती. दहा शब्द. नाव आपलं, पत्ता आपला, शब्द आपले.

मंग एकेक मुंडी माझ्याकडं वळली. मी पोरीला घेऊन घरी आले.

भुजंगाला राहवलं न्हाई, तो पलटणीत इचारायला सिकंदराबादेला गेला अन् तुमाला बघून आला. तुमी तिथंच हायेत, लढाई सरल्यापासून, पलटणीच्या टीममधी. तुमचा तो निरोप तिथं पलटणीच्या कप्तानाकडं पोचल्ता. टीमच्या खोलीत काचेत घालून भिंतीवर टांगलाय. "कप्तानसाहेब, फायनल जिंकली. स्काटलंडवर दोन-एक. शेवटचा गोल माझा." तो बराबर पोचला. बघा, रेडिओ खोटा न्हाई.

अन् तुमी भुजंगाला काय सांगितलं? का बायकोला धीर निघाला न्हाई, भावाच्या घरात जाऊन बसली, म्हणून मी गावाचं तोंड बघणार न्हाई. वा रे मर्दा.

काम असं हाय. पहिला नवरा जिता हाय अन् त्यानं काडी मोडली न्हाई, म्हणून पंच म्हणत्यात पाट खोटा. मच्छिंद्रचं पान बिरादरीच्या पंगतीत मांडत न्हाईत. पोरीचं जावळ चैताच्या जत्रेत बिरोबापुढं काढायचं, तर कात्री लावायला कुणी येणार न्हाई, जेवायला कुणी बसणार न्हाई. कागद चालत न्हाई, हे तुमालाबी ठाऊक हाय. माणसानं सोता पंचांपुढं यायचं, गवताची काडी मोडून टाकायची, "ही मोकळी" म्हणायचं. एवढंच. मैदानात नख उपटून घेतलं, इथं तर गवताची काडी हाय.

गोपिका

वाटूर, माघ महिना, सन १९४७

रायभान यांस,

तुमचं कार्ड भेटलं. वाचून हसावं का रडावं कळंना.

तुमी लिहिता, "वाटुरात कुणाकडं रेडिओ होता? निरोप धाडला असता तरी कुणी ऐकला असता?" बरं. आता ऐका.

तो लापताचा कागद आल्यावर तुमच्या आईला कुणीतरी सांगितलं, जालन्याला मिशनच्या दवाखान्यात डागदरसायबाकडं रेडिओ हाय, त्यावर लढाईत कैद झालेल्या माणसांची नावं येत्यात. म्हातारीनं माझा हात धरला अन् आम्ही दोघी जालन्याला गेलो. मेंढरं मच्छिंद्रवर टाकली. दवाखान्याच्या मागं दळण-कांडण केलं, चादरी धुतल्या, तिथंच छपराखाली राह्यलो. सांज झाली का डागदरसायब व्हरांड्यात यायचा, हातातल्या कागदावरली नावं मोठ्यानं वाचायचा. कोण मद्रासचा, कोण गढवालचा. जिचं माणूस निघालं ती तिथंच लोळण घ्यायची. तुमची आई पुढं जाऊन बसायची, कानाला कमी ऐकू यायचं म्हणून. सायबाचं वाचून झालं का रोज इचारायची, "रायभान वाटूरकर आला का?" अन् सायब रोज म्हणायचा, "न्हाई, आई."

तिथल्या नर्सबाईनं मला अक्षरं शिकवली. मी कशाला शिकले सांगू? का सायबानं कधी चुकून नाव सोडलं, तर कागदावर मला दिसावं म्हणून.

तुमची आई त्याच व्हरांड्यात गेली. न्हाई, लढाईनं मेली न्हाई, उपाशीबी न्हाई. तिला नुसतं नाव पायजे होतं. ते तुमी कप्तानसायबाला दिलं.

मंग तुमी लिहिता, "तेव्हा डोक्यात फकस्त मॅचच होती. तू असती तर तुलाबी कळलं असतं, ती घडी कशी होती." हे मात्र मला खरं वाटलं, म्हणून जास्तच झोंबलं. लगीन झालं तेव्हापासून बघून राह्यले. जालन्याच्या मैदानावर गोऱ्यांचा खेळ बघायला मेंढरं सोडून पळायचे तुमी. चिंध्यांचा चेंडू करून कळपातल्या मेंढ्यायच्या मधून काढायचे, अन् मला म्हणायचे, "गोपे, बघ बघ, एकीलाबी लागला न्हाई!" मी बघायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी बघायचे. तुमाला बघणारं माणूस पायजे होतं. मंग कप्तान भेटला, तो जास्त चांगला बघणारा निघाला.

पुढं तुमी लिहिता, "सिकंदराबादेला राहायला कोठडी भेटलीय. झालं गेलं सोडून तू इकडं निघून ये, पोरीला तिच्या बापाकडं ठेव." तुमची जीभ कशी झडली न्हाई? ही ओळ मी मच्छिंद्रला वाचून दाखवली न्हाई. त्यानं इचारलं, "दादा काय म्हणतो?" मी म्हणले, "तब्येत बरी हाय म्हणतो."

मच्छिंद्रचं थोडं सांगते, तुमचाच भाऊ हाय. पाटाच्या दिवशी त्यानं मला काय म्हणलं ठाऊक हाय? म्हणला, "वहिनी, दादा आला तर मी बाजूला होईन, तू घाबरू नको." पाट लागल्यावरबी कितीतरी दिवस मला वहिनीच म्हणायचा. आता बिरादरीत त्याला चिलीमबी कुणी देत न्हाई. लग्नाला जातो, लांब उभा राहतो, अहेर ठिवून माघारी येतो. अन् तुमाला कुणी हार घालून राह्यलं असंल.

मला कोठडी नको. पंचांपुढं या. चैतात बिरोबाची जत्रा हाय, सगळे पंच जमत्यात. पोरीचे केस डोळ्यात यायला लागलेत.

गोपिका

वाटूर, चैत्र महिना, सन १९४७

रायभान यांस,

तुमी "येतो" लिहिल्तं. मी तुमचं कार्ड साऱ्या गावाला दाखवल्तं.

पंच बिरोबाच्या देवळापुढं लिंबाखाली बसले. घोंगडं हातरलं. बिरूतात्यानं सोता बांधावर जाऊन गवताची काडी आणली, चांगली वाळलेली, एका झटक्यात मोडावी अशी. मच्छिंद्रनं बोकड कापलं. गावोगावचे लोक आल्ते, वाटुरातले तर कामधंदा सोडून बसले होते, फायनलवाला बघायला. पोरं रस्त्यावर उभी. परतूर ठेसनावरनं येणारी बैलगाडी दिसली का पळत सुटायची, "आला, आला!" त्यात कधी मिठाची पोती असायची, कधी कुणाची म्हातारी.

दिवस कलला. लोक उपाशी. बिरूतात्या म्हणाले, "बाई, आता काय करायचं?" जसं काय मीच तुमाला कुठं दडवून ठिवलंय. पंच उठले. ते शिजवलेलं कुणी खाल्लं न्हाई, कारण पंक्तीला बसायचं तर मच्छिंद्रच्या हातचं खावं लागलं असतं. कुत्र्यायनी खाल्लं.

तुमचं दुसरं कार्ड जत्रा उठल्यावर आलं. "मोठी मॅच लागली, सायबानं सोडलं न्हाई." सायबानं इटलीत सोडलं न्हाई, सायबानं सिकंदराबादेत सोडलं न्हाई. तुमाला पाय हायेत का न्हाई हो? का ते फकस्त चेंडूपुरतेच?

त्या दिवशी पहिल्यांदा मच्छिंद्र माझ्यावर वरडला. म्हणला, "तू अजून त्याची वाट बघून राह्यली! काडीसाठी न्हाई, त्याच्यासाठी. नवं लुगडं कशाला नेसली?" मी म्हणले, "सण होता." तो बाहेर जाऊन मेंढ्यायमधी झोपला.

लुगडं पेटीत ठिवून दिलंय.

गोपिका

वाटूर, ज्येष्ठ महिना, सन १९४७

थोरले भाऊजी,

हो, बराबर वाचलं. थोरले भाऊजी. कसं झालं ते सांगते.

मच्छिंद्र घर सोडून जाईन म्हणायला लागल्ता. "मी गेलो का तुझं तू मोकळी," म्हणायचा, "दादा घेऊन जाईल." त्याला वाटायचं मला तेच पायजे. पोरगी त्याच्या मानंला मिठी मारायची तर तिचेबी हात सोडवायचा. मंग मी हसनाबादला गेले, एकटी, अन् भुजंगाच्या दारात बसले. म्हणले, "तुमी खाली मान घालून का बोलता माझ्याशी? फायनल सांगताना तर मान वर होती. काहीतरी पोटात ठिवलंय तुमी." त्याची बायको म्हणाली, "सांगा आता. बाईचा संसार मोडायला लागला." तो म्हणाला, "सांगितलं तर रायभान माझं तोंड बघणार न्हाई." मी म्हणले, "भाऊ, तो कुणाचंच बघत न्हाई."

त्यानं तिथं काही सांगितलं न्हाई. म्हणला, पंच बसवा.

बिरूतात्यानं पंच बसवले. भुजंग आला, अन् त्याच्यासोबत हसनाबादकडचे अजून चौघं आले, तुमच्याच पलटणीतले, आपल्याच बिरादरीचे, कैदेत तुमच्याच टीममधी खेळणारे, तुमच्याच बराकीत झोपणारे. भुजंगाच्या हातावर बिरोबाचा भंडारा ठिवला. हळद हातात घेऊन आपल्यात कुणी खोटं बोलत न्हाई, बोललं तर घर बसतं. तो बोलून राह्यला अन् मी लिंबाच्या बुंध्याला टेकून ऐकून राह्यले.

तो म्हणला, फायनल झाली त्या संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते. तुमच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. पाद्री कागद-पेन्सल घेऊन एकेकापुढं आला. भुजंगानं आपल्या आईला निरोप दिला, या चौघांनी आपापल्या घरी दिला. भुजंगाचा पोचलाच न्हाई, ते अलाहिदा. तुमी कप्तानाचं नाव सांगितलं. पाद्र्यानं लिहून घेतलं. भला माणूस होता, जायला निघाला अन् परत वळला. त्यानं इचारलं, "घरी कोण कोण हाय? त्यायलाबी दोन शब्द लिहितो, माझ्याकडनं." बक्षीस सोडून वरचे दोन शब्द. दुभाष्यानं तुमाला सांगितलं.

अन् तुमी म्हणले, "घरी कोणी न्हाई."

भुजंग हादरला म्हणे. त्यानं तुमाला कोपरानं ढोसलं, "अरे, वहिनी? आई?" तर तुमी हसले अन् म्हणले, "जाऊ दे रे, आज न्हाई. आज मला फकस्त हेच असू दे."

चौघांनी भंडारा हातात घेऊन हेच सांगितलं. एकाचाही शब्द इकडचा तिकडं झाला न्हाई.

पंच कितीतरी वेळ आपसात बोलत होते. मंग बिरूतात्या म्हणाले, "बिरादरीच्या पाच माणसांपुढं गड्यानं तोंडानं सांगितलं का माझ्या घरी बायको न्हाई. आपल्या बापजाद्यांच्या रीतीनं तोंडची काडी ती हाताच्या काडीपेक्षा पक्की. रायभाननं बायको त्याच दिवशी सोडली. पाट त्याच्यानंतरचा. पाट खरा." दुसरा एक पंच म्हणला, "पण बाईनं कबूल केलं पायजे. उद्या ती म्हणंल, गडी मस्करीत बोलला, मी त्याचीच होते. मंग?"

मंग तात्यांनी मला पुढं बोलावलं. सगळ्या गावापुढं. मच्छिंद्र मागं उभा होता, पोरगी त्याच्या खांद्यावर. तात्यांनी इचारलं, "गोपिका, खरं सांग. रायभाननं असं म्हणलं तेव्हा तू त्याची कोण होतीस?"

मला खरं सांगायचं होतं. का तात्या, त्या वक्ताला मी जालन्याला त्याच्या आईजवळ बसले होते. तिच्या कानाशी तोंड नेऊन एकेक नाव परत सांगत होते. मी त्याची सगळी होते. पण हे सांगितलं असतं तर पोरगी बिनबापाची झाली असती, अन् मच्छिंद्र कुठंतरी निघून गेला असता.

मी म्हणले, "कोणी नव्हते."

तात्या म्हणाले, "मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

मी मोठ्यानं म्हणले.

मंग लई गलका झाला. मच्छिंद्रच्या कपाळाला भंडारा लावला, त्याचं पान मधोमध मांडलं. पोरीचं जावळ तिथंच काढलं, तिच्या मामानं पहिली कात्री लावली. ती भोकाड पसरून रडली, तर सगळे हसले. मच्छिंद्र जेवला. बिरादरीत जेवल्याला त्याला आठ महिने होत आल्ते. घास तोंडात अन् डोळे भरलेले, असा जेवला. मी वाढत होते. मला कुणीतरी म्हणलं, "बाई, आता तरी हास!" मी हासले.

भुजंगावर राग धरू नका. तुमच्या निरोपानं आमाला मारलं न्हाई, तो तर आमच्याकडं आलाच न्हाई. पण "घरी कोणी न्हाई" हे तुमी म्हणलं न्हाई असं जर भुजंगानं सांगितलं असतं, तर मी उद्या सकाळी तुमची कोठडी झाडायला आले असते. हे मी मच्छिंद्रला कधी सांगणार न्हाई. तुमाला सांगते, कारण यापुढं तुमाला काहीच सांगता येणार न्हाई.

आपली रीत तुमाला म्हाईत हाय. थोरल्या दिरापुढं बाई तोंड उघडत न्हाई. त्याची सावली दिसली का पदर पुढं घेऊन आत जाते. पंचांनी मला तुमची भावजय केली, म्हणजे हे शेवटचं.

या कधी वाटुराला. मोठ्या भावासारखे या. मच्छिंद्र खाली बसून तुमचे पाय धुईल, पोरगी तुमच्या मांडीवर बसंल. तिला चेंडू लई आवडतो. गाव जमंल, तुमी फायनल सांगा, भुजंगापेक्षा चांगली सांगाल. मी चुलीपुढं बसून भाकरी थापीन. एकीकडं सगळं ऐकीन. शेवटचा गोल कसा झाला ते मला अजून नीट कळलं न्हाई, पण इचारता यायचं न्हाई.

मच्छिंद्रची घरवाली